घटक ४ : गिरणी कामगारांचा संप आणि संपाचे पाठीराखे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• मुंबईतील गिरणगावाची सामाजिक घडण थोडक्यात सांगता येईल.
• संप, सामूहिक करार आणि मान्यताप्राप्त संघटना यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• १९२८ आणि १९८२ च्या संपांना मिळालेल्या पाठिंब्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांची तुलना करता येईल.
• मराठी साहित्यात उमटलेल्या गिरणी कामगारांच्या जीवनाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण महानगरीय जीवनाचा मराठी साहित्यावर झालेला परिणाम पाहिला. त्या जीवनाचा एक मोठा भाग म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, वरळी, प्रभादेवी, भायखळा या परिसरात वसलेले गिरणगाव. या वस्तीची ओळख तिच्या भोंग्यांनी, चाळींनी आणि भजनी मंडळांनी जशी घडली, तशीच ती संपांनीही घडली.

संपाचा इतिहास बहुधा पुढाऱ्यांच्या नावांनी आणि तारखांनी सांगितला जातो. त्या तारखा महत्त्वाच्या आहेतच. परंतु संपाच्या काळात कामगाराची मजुरी बंद असते, आणि चूल मात्र बंद ठेवता येत नाही. मग तो जगतो कशावर? त्याला कोण सांभाळते, किती काळ सांभाळते, आणि त्या सांभाळण्याची किंमत शेवटी कोण चुकते करते? हे प्रश्न विचारले म्हणजे संपाचा इतिहास गावापर्यंत, खानावळीपर्यंत आणि शाहिराच्या डफापर्यंत जातो. प्रस्तुत घटकात आपण या पाठीराख्यांच्या बाजूने संपाकडे पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ गिरणगावाची घडण

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. ताडदेव येथील त्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या वेगाने वाढली. त्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून माणसे आली. कोकणातून येणारा कामगार बोटीने येई, घाटावरचा रेल्वेने. तो बहुधा एकटा येई. बायकामुले आणि जमिनीचा तुकडा गावाकडेच राही.

या दुहेरी संसाराचा संपाशी जवळचा संबंध आहे. कामगाराचे एक पाऊल गिरणीत आणि दुसरे शेतात होते. एकाच गावची माणसे खोली भाड्याने घेऊन एकत्र राहत. पाळी बदलली की झोपण्याची जागाही बदले. या गावकऱ्यांच्या खोल्यांतून ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. नव्याने आलेल्या पोराला नोकरी मिळवून देणे, आजारी माणसाला गावी पोहोचवणे, मयताचा खर्च उचलणे ही कामे मंडळ करी. कामगार संघटना जन्माला येण्यापूर्वीच परस्पर मदतीची ही रीत तेथे रुजलेली होती.

गिरणीत नोकरी देणे व काढणे हे मुकादमाच्या, म्हणजेच जॉबरच्या, हाती असे. कायम कामगारांबरोबर ‘बदली’ कामगारांचा मोठा वर्ग होता. कोणी खाडा केला तरच बदलीवाल्याला काम मिळे. त्यासाठी त्याला रोज गिरणीच्या दरवाज्याशी उभे राहावे लागे. वर्षानुवर्षे बदलीवर राहिलेले कामगार हा पुढे १९८२ च्या मागण्यांतील एक महत्त्वाचा विषय ठरला.

या कामगारांच्या बाजूने संघटितपणे उभे राहण्याचा पहिला प्रयत्न सत्यशोधक परंपरेतून झाला. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले व ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. आठवड्याची सुटी ही त्यांची प्रमुख मागणी होती आणि १८९० मध्ये मालकांनी ती मान्य केली.

१९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. येथे पाठिंब्याची दिशा लक्षात घ्यावी. गिरगावातील सुशिक्षित वर्गाच्या नेत्यासाठी गिरणगावाने आपली मजुरी सोडली होती. पुढील काळात गिरणगाव स्वतःच्या मजुरीसाठी उभे राहिले, तेव्हा उरलेले शहर त्याच्यामागे किती उभे राहिले, हा प्रश्न आपण मनाशी ठेवून पुढे जाऊ.

४.२.२ करार कोणाशी?

संप हा कामगार आणि मालक यांच्यातील वाटाघाटींचा एक भाग असतो. काम करण्यास नकार देऊन कामगार मालकाला बोलणी करण्यास भाग पाडतात. बोलण्यांचा शेवट करारात होतो. वेतनाचा दर, महागाई भत्ता, कामाचे तास, रजा, बोनस, यंत्रांची संख्या या बाबी करारात लिहिल्या जातात. एकट्या कामगाराने मालकाशी केलेल्या करारात त्याची बाजू दुबळी असते, कारण त्याच्याऐवजी दुसरा माणूस दाराशी उभा असतो. म्हणून सर्वांच्या वतीने एक करार करण्याची पद्धत आली. तिलाच सामूहिक सौदा म्हणतात.

सामूहिक करारासाठी एक गोष्ट आधी ठरावी लागते : कामगारांच्या वतीने सही कोण करणार? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने याचे उत्तर असे दिले, की एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगात एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता पावेल आणि कामगारांच्या वतीने करार करण्याचा अधिकार तिचा राहील. मुंबईच्या कापड उद्योगात ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. मान्यता ठरवताना गुप्त मतदान घेतले जात नव्हते. नोंदवलेल्या सदस्यसंख्येच्या आधारे ती दिली जाई. एका उद्योगात अनेक संघटनांशी वेगवेगळे करार होऊ नयेत व वारंवार संप होऊ नयेत, हा या व्यवस्थेमागील युक्तिवाद होता. परंतु बहुसंख्य कामगारांचा विश्वास एका संघटनेवर आणि सहीचा अधिकार दुसऱ्या संघटनेकडे अशी स्थिती उद्भवली, तर मार्ग कोणता, याचे समाधानकारक उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. १९८२ चा संप याच ठिकाणी अडला.

४.२.३ १९२८ चा संप

१९२० नंतरच्या दशकात कापड उद्योगात मंदी आली. खर्च कमी करण्यासाठी मालकांनी कामाची फेररचना सुरू केली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूतकताईच्या खात्यात एका माणसाने दुप्पट काम पाहावे, अशी ही योजना होती. त्यामुळे काही जणांची नोकरी जाणार आणि उरलेल्यांवर कामाचा भार वाढणार हे उघड होते. ससून गटाच्या गिरण्यांत वर्षाच्या सुरुवातीसच असंतोष उफाळला आणि एप्रिल १९२८ च्या अखेरीस संप सार्वत्रिक झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले आणि तो ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ चालला.

या संपाचे नेतृत्व संयुक्त संप समितीकडे होते. मवाळ विचारांचे ना. म. जोशी, कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर आणि प्रत्यक्ष गिरणीतून पुढे आलेले अर्जुन आळवे व कासले हे त्यात एकत्र आले होते. याच काळात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. समितीने सतरा मागण्या मांडल्या. पाच महिन्यांनंतर मालक संघाने समितीशी बोलणी केली व तडजोड झाली. वादाच्या मुद्द्यांच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमण्यात आली. सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत. परंतु कामगारांनी ज्यांना निवडले त्यांच्याशीच मालकांना बोलावे लागले, ही या संपाची मोठी कमाई होय.

पाच महिने संप टिकला कसा? बरेच कामगार गावी गेले. जे मुंबईत राहिले त्यांच्यासाठी समितीने धान्यवाटप केले. परदेशातील कामगार संघटनांकडून मदत आली. रशियातील कापड कामगारांनी पाठवलेल्या निधीमुळे सरकारचा संशय बळावला. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांसारख्या स्त्रियांनी त्या काळातील लढ्यांत कामगार स्त्रियांना संघटित केले. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात डांगे, मिरजकर, निंबकर यांच्याबरोबर आळवे आणि कासले यांनाही अटक झाली. पुढारी तुरुंगात गेल्यानंतर १९२९ मध्ये पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप यशस्वी होऊ शकला नाही.

४.२.४ ऐक्याच्या आतील भिंत

१९२८ च्या संपाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. गिरणीतील सर्वांत अधिक मजुरीचे काम विणकाम खात्यात होते आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेथे विटाळ मानला जाई. ही अट मालकांनी घातलेली नव्हती. ती सहकारी कामगारांनी पाळलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या भेदभावावर बोट ठेवले आणि तो दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असली पाहिजे असा आग्रह धरला. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. आधीच्या दीर्घ संपात सर्वांत कमी मजुरीवर जगणाऱ्या दलित कामगारांची झालेली ओढाताण त्यांच्यासमोर होती.

यावरून डॉ. आंबेडकर संपाच्या विरोधात होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९३८ मध्ये मुंबई सरकारने आणलेल्या औद्योगिक विवाद विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने घातली, तेव्हा त्यांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संप करणे हा गुन्हा नसून काम नाकारण्याचा अधिकार हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. या दोन्ही भूमिका एकत्र वाचल्या म्हणजे त्यांतील सुसंगती दिसते. ज्या लढ्याच्या फळात आपला वाटा नाही, त्याच्यासाठी उपाशी राहण्यास एखाद्याला सांगणे अन्यायाचे आहे. आणि ज्या कायद्याने सर्वांचाच आवाज बंद होतो, त्याच्याविरुद्ध सर्वांनी एकत्र येणे आवश्यक आहे.

विचार करा : आपण काम करता त्या ठिकाणी कायम, कंत्राटी आणि रोजंदारी असे भेद आहेत काय? एका गटाच्या मागण्यांत दुसऱ्या गटाचे प्रश्न कितपत येतात?

४.२.५ १९८२ चा संप

१९८१ च्या दिवाळीपूर्वी बोनसच्या प्रश्नावर असंतोष वाढला. मान्यताप्राप्त संघटनेने केलेली तडजोड अनेक कामगारांना पटली नाही. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपर येथे डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले व त्यांनी नेतृत्व करावे असा आग्रह धरला. सामंत हे व्यवसायाने डॉक्टर. घाटकोपरच्या दगडखाणींत काम करणाऱ्या मजुरांवर उपचार करता करता ते त्यांच्या प्रश्नांत शिरले आणि त्यांची संघटना बांधून कामगार चळवळीत आले होते. पुढे अभियांत्रिकी व रसायन उद्योगांत त्यांनी भरघोस वेतनवाढीचे करार घडवून आणले होते. गिरणी कामगाराला ती वाढ शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या पगारात दिसत होती. एके काळी मुंबईत प्रतिष्ठेची मानली जाणारी गिरणीची नोकरी आता इतर कारखान्यांच्या तुलनेत मागे पडली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी झाले. वेतनवाढ, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा ही मागणीही होती. संप बेकायदेशीर ठरवण्यात आला. मालकांनी कायद्याचा आधार घेऊन सांगितले, की बोलणी मान्यताप्राप्त संघटनेशीच होतील. सरकारनेही सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनशी करार होऊ देण्याची तयारी दाखवली नाही. बऱ्याच मालकांकडे न विकलेला माल पडून होता. भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कापड तयार होत होते. त्यामुळे गिरणी बंद राहिल्याचा तोटा मालकाला पूर्वीइतका तातडीने जाणवत नव्हता.

ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आपल्या मागण्यांसाठी बंड पुकारले, तेव्हा गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. चाळीतल्या एकाच मजल्यावर गिरणी कामगार आणि पोलीस शिपाई यांची घरे असत, हे लक्षात घेतले म्हणजे यात आश्चर्य वाटत नाही. परंतु पोलिसांचे आंदोलन लवकरच मोडून काढण्यात आले. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. संप दीड वर्षाहून अधिक काळ रेंगाळला. तो मागे घेतल्याची औपचारिक घोषणा झालीच नाही. कामगार एकेक करून, मिळेल त्या अटींवर परत गेले. हजारोंना परत घेतलेच गेले नाही. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मध्य मुंबईने सामंतांना निवडून दिले. कामगारांचा विश्वास कोणावर होता, याचा तो एक पुरावा होय; परंतु करारावर सही करण्याचा अधिकार त्यातून मिळत नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये सामंतांची हत्या झाली.

४.२.६ पाठिंब्याचे आधार आणि त्यांची किंमत

(अ) गाव : एरवी मुंबईहून गावाकडे मनिऑर्डर जाई. संपाच्या काळात हा प्रवाह उलटला. कामगार गावी परतला. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे तांदूळ, नाचणी, ज्वारी यांची बोचकी आली. १९८२ चा संप भातकापणी व मळणी संपल्यानंतर सुरू झाला होता. घरात धान्य होते. शिवाय पावसाळ्यात पेरणी-लावणीला घरची माणसे मिळाली. परंतु गिरणीच्या पगाराशिवाय केवळ त्या शेतावर कुटुंब चालत नव्हते. म्हणूनच तर माणूस मुंबईला गेला होता. दुसरे वर्ष उजाडले तसा हा आधार खचू लागला. अनेक कुटुंबांत बायकोचे दागिने आणि जमिनीचा तुकडा गहाण पडला.

(आ) खानावळ : एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरगुती खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया जेवू घालत. पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. संप झाला की पगार थांबे. परंतु ओळखीच्या माणसाचे ताट एकदम बंद करणे या स्त्रियांना शक्य नसे. त्या उधारीवर जेवण देत राहत. त्यासाठी त्या स्वतः वाण्याकडून उधारीने सामान आणत किंवा व्याजाने पैसे काढत. म्हणजे कामगाराची उपासमार टळे ती खानावळवालीच्या कर्जामुळे. संपाच्या हिशेबात हे कर्ज कुठेही नोंदले जात नसे. १९७० च्या दशकातील संपांत हा ताण तीव्रतेने जाणवला आणि प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. खानावळवाल्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या व्याजातून सोडवणे हे मंडळाचे आरंभीचे मुख्य काम होते. संपाला पाठिंबा देणाऱ्यांना स्वतःलाही पाठबळ लागते, हा धडा येथे मिळतो.

(इ) शाहिरी आणि कलापथके : १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंनी स्वतः गिरणीत काम केले होते. तमाशाचा बाज घेऊन त्यांनी लोकनाट्ये रचली. लांबलेल्या संपात कामगाराला सर्वांत अधिक जाच होतो तो एकटेपणाचा. आपल्याच घरात चूल पेटत नाही, आपणच हरत आहोत, अशी भावना माणसाला आतून पोखरते. कामगार मैदानावरच्या सभेत हजारो माणसांबरोबर बसून पोवाडा ऐकणारा माणूस आपले दुःख सर्वांचे आहे हे अनुभवतो. कलापथकाचे कार्य केवळ प्रचाराचे नव्हते, असे म्हणावे लागते ते यामुळे.

(ई) बाहेरचे जग : १९८४-८५ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी खाणी बंद करण्याच्या योजनेविरुद्ध जवळजवळ वर्षभर संप केला. तेथे कामगारांच्या बायकांनी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, शिधा वाटला आणि देशभर फिरून निधी जमवला. तोही संप कराराविना संपला. परंतु कामगार आपापल्या संघटनेचे निशाण घेऊन, वाद्ये वाजवत एकत्र कामावर परतले. गिरणगावात परतणे एकेकट्याचे झाले. खाणीचे गाव हेच त्या कामगारांचे एकमेव घर होते. गिरणी कामगाराचे घर मुंबई आणि गाव यांत विभागलेले होते. ज्या गावाने त्याला जगवले, त्याच गावाकडे गेल्यामुळे तो सहकाऱ्यांपासून दूरही झाला. एकच आधार संपाचे बळ आणि दुबळेपण अशा दोन्ही रूपांत कसा दिसतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या विवेचनातून एक निष्कर्ष हाती येतो. पाठिंब्यामुळे संपाचे आयुष्य वाढते. परंतु संपाची सांगता करार करणाऱ्या दोन्ही पक्षांनी एकमेकांना मान्य करण्यावर अवलंबून असते. १९२८ मध्ये पाठिंब्याने पाच महिने मिळवून दिले आणि त्या काळात मालकांना संप समिती मान्य करावी लागली. १९८२ मध्ये पाठिंबा त्याहून दीर्घकाळ मिळाला, पण मान्यता मिळाली नाही. त्यामुळे लांबलेला प्रत्येक महिना पाठीराख्यांच्या कर्जात जमा होत गेला. संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये अनेक संघटना असतील तेथे ५१ टक्के वा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटींसाठी मान्य करण्याची तरतूद आहे. कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, हा जुनाच प्रश्न तेथे नव्या शब्दांत आलेला आहे.

४.२.७ साहित्यातील पडसाद

मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीत गिरणी कामगारांचे जीवन मराठी कादंबरीचा मध्यवर्ती विषय झाले. नारायण सुर्वे यांचे पालनपोषण गिरणी कामगार कुटुंबात झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’, ‘माझे विद्यापीठ’, ‘जाहीरनामा’ या संग्रहांतील त्यांची कविता कामगाराकडे बाहेरून, कणवेने पाहत नाही. कामगारच तेथे बोलणारा असतो. त्याची भाषा सभेची, चाळीची आणि रस्त्याची आहे.

१९८२ नंतरचे गिरणगाव जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात आणि त्यांच्या कथांत येते. नाटकातील धुरी कुटुंब चाळीतल्या एका खोलीत राहते. गिरणी बंद पडल्यानंतर या घरातील मुलांच्या वाटा फुटतात. कोणी लेखक होऊ पाहतो, कोणी गुन्हेगारीकडे ओढला जातो. संपाचे पुढारी व सभा नाटकाच्या बाहेर राहतात. संपाची किंमत घरात कशी वसूल झाली, हे पवार दाखवतात. आई हे त्या घराचे अखेरचे टेकण आहे. पाठीराख्यांच्या ज्या कर्जाचा आपण विचार केला, त्याचा हिशेब इतिहासाच्या ग्रंथांपेक्षा अशा साहित्यकृतींत अधिक नेमका सापडतो. ‘अधांतर’ वाचताना या दृष्टीने आईच्या संवादांकडे लक्ष द्यावे.

१९९१ नंतर विकास नियंत्रण नियमावलीतील बदलांमुळे गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याचा मार्ग खुला झाला. दत्ता इस्वलकर आदींनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने थकीत देणी आणि घरे यांसाठी लढा दिला. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. मजुरीच्या करारासाठी सुरू झालेला लढा अशा रीतीने शहरात राहण्याच्या हक्कापर्यंत येऊन पोहोचला.

४.३ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ची स्थापना कोणी केली?
२. विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश का नाकारला जाई?
३. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार करार करण्याचा अधिकार कोणास होता?
४. अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केव्हा झाली?

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. १९८२ चा संप औपचारिक घोषणेने मागे घेण्यात आला.
२. १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष सहभागी होता.

४.४ पारिभाषिक शब्द

बदली कामगार : कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणारा कामगार.
मुकादम (जॉबर) : कामगारांची भरती व देखरेख करणारा मध्यस्थ.
धोटा : विणताना आडवे सूत वाहून नेणारे मागाचे साधन.
सामूहिक सौदा : कामगारांच्या संघटनेने सर्वांच्या वतीने मालकाशी केलेल्या वाटाघाटी.
प्रातिनिधिक संघटना : कामगारांच्या वतीने करार करण्याची कायदेशीर मान्यता असलेली संघटना.

४.५ सारांश

गिरणगावातील कामगार गाव आणि मुंबई यांना जोडून जगत होता. परस्पर मदतीच्या रीती संघटनेच्या आधीपासून त्याच्यापाशी होत्या. १९२८ च्या संपात निरनिराळ्या विचारांचे नेते एकत्र आले व मालकांना त्यांच्याशी तडजोड करावी लागली. मात्र जातिभेदाने कामगारांच्या ऐक्याला असलेली मर्यादाही त्या वेळी स्पष्ट झाली. १९८२ मध्ये कामगारांनी निवडलेल्या संघटनेला कराराचा अधिकार मिळाला नाही आणि संप निर्णयाविना विरून गेला. गाव, खानावळ, शाहिरी यांनी संपाला जगवले. त्यासाठी पाठीराख्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, मोठी किंमत मोजली. मराठी साहित्याने या किमतीची नोंद ठेवली आहे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. नारायण मेघाजी लोखंडे यांनी. २. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे व त्यात विटाळ मानला जाई म्हणून. ३. मान्यता मिळालेल्या प्रातिनिधिक संघटनेस. ४. १९७५ मध्ये.
(आ) १. चूक. २. बरोबर.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. १९२८ आणि १९८२ च्या संपांची नेतृत्व, मागण्या व शेवट या मुद्द्यांच्या आधारे तुलना करा.
२. ‘पाठिंब्यामुळे संपाचे आयुष्य वाढते, परंतु संपाची सांगता मान्यतेवर अवलंबून असते’ या विधानाची चर्चा करा.
३. १९२९ आणि १९३८ मधील डॉ. आंबेडकरांच्या भूमिकांतील सुसंगती स्पष्ट करा.
४. ‘अधांतर’ नाटकातील आईच्या व्यक्तिरेखेच्या आधारे संपोत्तर गिरणगावाचे चित्रण विशद करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरात गिरणी, कारखाना, एस.टी. किंवा अन्य सेवेत दीर्घ संपाचा अनुभव घेतलेले कुटुंब असल्यास त्यांच्या संमतीने मुलाखत घ्या. संपाच्या काळात घरखर्च कसा चालला, उधारी कोणी दिली व ती केव्हा फिटली, हे प्रश्न घरातील स्त्रियांना आवर्जून विचारा. मुलाखतीत आलेले कामाचे खास शब्द बोलीतील रूपांसह टिपून ठेवा आणि त्या आधारे सुमारे तीन पानांचा अहवाल तयार करून संपर्क सत्रात सादर करा.